कोकण किनाऱ्यावर काइटबोर्डिंग: उंच उडी, आणि ती दर वेळी जमावी म्हणून

काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीवर बोर्डवरून पाण्यावर चालणं. काइटबोर्डवर दोन्ही बाजूंना चालायला लागलं की पुढचा प्रश्न उडीचा. पहिली उडी बहुतेकांना अपघातानेच लागते. काइट डोक्यावरून जरा मागे जाते, अंग वर उचललं जातं, आणि मग तेच पुन्हा करायला गेलं की जमत नाही. दहातली एक उडी तीन मीटर जाते आणि बाकीच्या नऊ वेळा काइट तुम्हाला नुसती ओढत नेते, असं होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. उडी हवेत बिघडलेली दिसते, पण बिघडलेली असते पाण्यावर, पाय सुटायच्या आधीच्या दोन सेकंदांत. त्या दोन सेकंदांत बोर्डची कड पाण्यात रुतून राहिली तर लाइन्समध्ये, म्हणजे काइटच्या दोऱ्यांत, ताण साठतो, आणि तोच ताण तुम्हाला वर नेतो. कड सुटली की ताण गेला, मग बार, म्हणजे काइट वळवायचा हातातला दांडा, कितीही ओढा.

१. आधी हे जमतंय का बघा

पुढच्या चार गोष्टी विचार न करता जमत असतील तरच उडीकडे वळा. एक, जिथून पाण्यात उतरलात तिथेच परत येता येणं, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वारा येतो त्या बाजूला, चढता येणं. दोन, काइटकडे न बघता ती घड्याळात कितीवर आहे हे हाताला कळणं. तीन, बोर्ड हातून गेला तर बॉडी ड्रॅग करून, म्हणजे काइटच्या ओढीवर नुसत्या अंगाने पाण्यातून सरकत, तो गाठता येणं. चार, खोल पाण्यात काइट सोडून, लाइन्स गुंडाळून, तिच्यावर बसून किनाऱ्याला येता येणं. चौथी गोष्ट नुसती पाहिलेली चालणार नाही, स्वतः करून झालेली हवी.

घड्याळाबद्दल एक वाक्य. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात की डोक्यावर सरळ बारा, उजव्या हाताला पाण्यालगत तीन, डाव्या हाताला नऊ. पुढे सगळीकडे हेच आकडे येतील.

२. महिना, वारा आणि भरती

उडी शिकायला कोकणात फेब्रुवारीअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंतचे दिवस सर्वांत बरे. जमीन तापते, दुपारी बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, दोन ते चार-साडेचारपर्यंत भरात असतो आणि सूर्य कलला की बसतो. तो साधारण वायव्येकडून येतो. आपला किनारा उत्तर-दक्षिण असल्यामुळे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की वारा उजव्या गालावर तिरका लागतो. शिकणाऱ्याला हाच वारा हवा, कारण काही बिघडलं तर तो तुम्हाला किनाऱ्याकडे आणतो.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि वारा चांगला वाहतोय असं वाटतं. तो मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. झाडांवरून आणि टेकड्यांवरून येत असल्यामुळे तो झटके देतो, आणि काही तुटलं तर तुम्हाला सरळ खोल समुद्रात नेतो. मागे सोबतीला बोट नसेल तर त्या वाऱ्यात पाण्यात उतरू नका. पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा जोरदार असतो खरा, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या लाटा, सरी आणि अचानक वाढणारे झोत शिकणाऱ्याच्या आवाक्यातले नाहीत. मेच्या उत्तरार्धात वळवाचे ढग पूर्वेकडून चढताना दिसले की काइट लगेच खाली घ्या. ढग अजून लांब आहेत म्हणून थांबू नका. वीज आणि ढगापुढचा झोत, दोन्ही ढगाच्या आधी पोचू शकतात.

किती वारा हवा? पहिल्या उड्यांना १५ ते १८ नॉट पुरे, म्हणजे ताशी २८ ते ३३ किलोमीटर. पाण्यावर फेसाचे तुरे तुरळक दिसू लागले की दहा-बारा नॉट समजा, आणि जिकडेतिकडे दिसायला लागले की पंधराच्या पुढे. विंडी किंवा विंडगुरूचा अंदाज जरूर बघा, पण दुपारचा खारा वारा अंदाजापेक्षा दोन-चार नॉट इकडेतिकडे होतोच. हातातलं छोटं वारामापक घेतलंत तर काइटचा आकार निवडताना घोळ होत नाही.

भरतीसाठी कोळ्यांचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा-बारा. हा अंदाज झाला. नेमकी वेळ त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यात बघा. आपल्या कामाचं यातून असं निघतं, की अष्टमी ते दशमीच्या आसपास दुपारभर पाणी चढत असतं आणि तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असल्यामुळे ओढही कमी असते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि नेमक्या वाऱ्याच्या वेळी पाणी उतरत असतं. उत्तर कोकणातल्या सपाट किनाऱ्यांवर तेव्हा पाणी खूप मागे जातं, आणि तासापूर्वी छातीभर असलेली जागा गुडघाभर होते. उडीसाठी पाणी छातीभर हवंच. शिकाऊ माणूस तीन मीटरवरून गुडघाभर पाण्यात पडला तर घोटा किंवा गुडघा वाचत नाही.

३. जागा निवडताना

लांब, सलग, उघडी पुळण शोधा. गुहागर, दिवेआगर, दापोलीजवळचा कर्दे-मुरूडचा पट्टा ही या घडणीची ठिकाणं. दोन डोंगरांच्या मधल्या छोट्या पुळणी, उदाहरणार्थ आरे-वारे, बघायला फार सुंदर, पण वायव्येच्या वाऱ्यात उत्तरेकडच्या डोंगराच्या आडोशाला वारा तुटक येतो. काइट बाराला असताना तिथे वारा गेला तर तुम्ही हवेत आणि लाइन्स सैल, अशी वेळ येते. डोंगराच्या टोकापासून दक्षिणेला भरपूर सरकून उतरा.

खाडीचं मुख टाळा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा जागी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर ओढतं, आणि वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात.

किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनाकडेही नीट बघा. समुद्रावरून येणारा वारा झाडांना आपटण्याआधी वर उचलला जातो. झाडांपासून पन्नास मीटरच्या आत काइट बाराला धरून उभे राहिलात तर पाय सुटू शकतात. उधाणाच्या भरतीत पुळण अरुंद होते आणि हे अंतर उरतच नाही. अशा वेळी पाणी उतरेपर्यंत थांबायचं.

माणसांचंही बघायचं. सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असेल तर दोन्ही बाजूंचे दोर ओढणारी माणसं किनाऱ्यावर दिसतात. त्या दोन दोरांच्या मधल्या पाण्यात शिरू नका, आणि रापण ओढून होईपर्यंत काइट उभीच करू नका. पाण्यावरचे बोये आणि खुंट जाळ्यांचे असतात, त्यांच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला उडी नको. वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला कासवांच्या अंड्यांसाठी कुंपणं केलेली असतात, तिथून लांब राहा. शनिवार-रविवारी काशीदसारख्या गर्दीच्या ठिकाणी पॅराशूट, बनाना बोट, घोडागाड्या सगळं एकाच पट्ट्यात असतं, तिथे उडीचा सराव होत नाही. कुठेही गेलात तरी आधी जीवरक्षकाला आणि जवळच्या होडीवाल्याला भेटून काय करणार आहात ते सांगा. गरज पडली तर तुमच्याकडे सर्वांत आधी होडीच येणार आहे.

४. सामान

– काइट: ७५ किलोच्या माणसाला १४ ते २० नॉटमध्ये साधारण १२ मीटर (म्हणजे चौरस मीटर), त्यावरच्या वाऱ्यात ९ मीटर. वजन कमी असेल तर एक आकार खाली.
– बार आणि २२ ते २४ मीटरच्या लाइन्स, चालू स्थितीतल्या क्विक रिलीजसह, म्हणजे काइटची ओढ झटक्यात सोडणाऱ्या खटक्यासह.
– १३५ ते १४० सेंमीचा ट्विनटिप बोर्ड, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेला. पायपट्ट्या इतक्या घट्ट, की हवेत पाय ढिला सोडला तरी बोर्ड निसटू नये.
– कमरेचा हार्नेस, म्हणजे काइटची ओढ अंगावर घेणारा पट्टा. हवेत तो वर बरगड्यांकडे सरकत असेल तर तो तुमच्या मापाचा नाही.
– हेल्मेट आणि इम्पॅक्ट जॅकेट. उडी शिकताना ही दोन्ही ऐच्छिक नाहीत.
– लाइन कापायची आकडी सुरी, हार्नेसवर हाताला लागेल अशी.
– पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाइल, त्यात ११२, तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि रुग्णवाहिकेचा १०८.
– भाड्याने सामान घेणार असाल तर कोर्सचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र.

बोर्डला दोरी बांधू नका. बोर्ड निसटला की ती दोरी ताणते आणि बोर्ड डोक्यावर येऊन आदळतो.

काइटमध्ये हवा साधारण ७ ते ८ पीएसआय. मोठ्या काइटला थोडी कमी. काइटवर छापलेला आकडा अंतिम धरा. हवा कमी असेल तर चालताना काही कळत नाही, पण उडीच्या ताणाखाली पुढची नळी वाकते आणि काइटचा आकार मोडतो.

५. लाइन्स मोजा, मगच स्वतःला दोष द्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि महिनाभर आपल्या तंत्राला शिव्या घालत बसतात. मधल्या दोन लाइन्सवर जास्त भार असतो, म्हणून वापराने त्या जास्त ताणल्या जातात. मागच्या दोन तशाच राहतात, म्हणजे तुलनेने आखूड होतात. परिणाम असा, की उडीच्या क्षणी बार आत ओढला की काइट जास्तच ब्रेक खाते, मागे बसते, आणि तुमच्या डोक्यावर यायच्या ऐवजी पाठीमागे पाण्यात जाते.

तपासायला पाच मिनिटं लागतात. सुरूच्या खोडात एक मजबूत खिळा किंवा हूक बघा, नसेल तर गाडीचा हूक चालतो. चारही लाइन्सची काइटकडची टोकं त्यात अडकवा. बारपर्यंत मागे या, ट्रिम (मधल्या लाइन्सची लांबी बदलणारा पट्टा) पूर्ण सोडा, म्हणजे काइटला सर्वांत जास्त ताकद मिळेल त्या जागी आणा, आणि बार पूर्ण आत ओढून समान ताण द्या. चारही लाइन्स सारख्याच ताठ लागल्या पाहिजेत आणि बार आडवा सरळ राहिला पाहिजे. मधल्या दोन सैल आणि मागच्या ताठ असतील तर फरक मोजा. तीन-चार सेंटीमीटरचाही फरक उडीत जाणवतो. काइटच्या मागच्या जोडदोरीवर एकाहून जास्त गाठी असतात. लाइन टोकाकडच्या गाठीवर सरकवली की ती लांब होते. दोन्ही बाजूंना सारखंच सरकवा.

पाण्यात गेल्यावर आणखी एक खात्री करा. काइट बाराला ठेवा, बार पूर्ण आत ओढा आणि तीन सेकंद धरून ठेवा. काइट जागच्या जागी राहिली तर ठीक. मागे सरकायला लागली तर ट्रिम दोन-तीन बोटं ओढून घ्या आणि पुन्हा बघा.

६. उडीशिवाय सराव

पहिले दोन दिवस उडी मारूच नका. फक्त कड शिका.

समुद्राकडे जाताना वारा उजवीकडून येतो आणि तुमचा उजवा पाय पुढे असतो. काइट एकला ठेवा. मध्यम वेग घ्या आणि दोन-तीन सेकंद बोर्ड थोडा वाऱ्याखाली, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, सोडा. वेग वाढेल. आता टाचांवर बसत, कंबर पुढे आणि खांदे मागे टाकत, बोर्ड हळूहळू वाऱ्याकडे वळवा. एकदम नको. मागच्या पायाच्या टाचेवर वजन वाढत गेलं पाहिजे.

कड धरली आहे की नाही हे कानाला कळतं. नीट रुतलेल्या कडेतून फवारा सलग निघतो आणि फाडल्यासारखा एकसुरी आवाज येतो. बोर्ड सपाट झाला की तो आवाज तुटतो आणि पाणी तळाशी थपथप लागायला लागतं. ज्या क्षणी थपथप ऐकू आली त्या क्षणी ताण गेला. डोळे क्षितिजावर ठेवून कानाने हा फरक ओळखायचा सराव करा, कारण उडीच्या आधी खाली बघायला सवड मिळत नाही.

हे स्थिर झालं की काइट पाठवायचा सराव, तोही न उडता. कड धरलेली असताना डाव्या हाताने बार ओढून काइट एककडून बाराकडे न्या, आणि बाराला पोचायच्या आधी उजव्या हाताने परत एकला आणा. काइट वर जाताना ओढ वरच्या दिशेला वळते आणि बोर्डला पाण्यातून सुटावंसं वाटतं. तेव्हा गुडघे किंचित वाकवून कड आणखी दाबा. दहापैकी आठ वेळा कड न सुटता काइट वर जाऊन परत आली की पुढे जा.

७. उडी

आता जागा. वायव्येच्या वाऱ्यात उडी तुम्हाला आग्नेयेकडे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला नेते. पंधरा नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसात मीटर, त्यामुळे तीन सेकंदांच्या उडीत वीस-पंचवीस मीटर सहज सरकता. तुमच्या वाऱ्याखाली निदान शंभर मीटर मोकळं पाणी असू द्या, लाटा फुटतात तो पट्टा सोडून. पहिल्या उड्या समुद्राकडे जाताना मारा. परत येताना तुमची दिशा आणि सरकण, दोन्ही किनाऱ्याकडे असतात आणि अंतर भराभर संपतं.

क्रम असा:

क) काइट एकला, वेग मध्यम, बार थोडा बाहेर. भरधाव वेगाने सुरुवात करू नका. त्या वेगात कड धरण्याइतके पाय अजून तयार नसतात.

ख) दोन-तीन सेकंद वाऱ्याखाली, मग कड दाबत वाऱ्याकडे.

ग) डाव्या हाताने बार ठाम ओढून काइट बाराच्या पलीकडे, साधारण साडेअकराच्या रोखाने पाठवा. हात लुळा असेल तर काइट रेंगाळते आणि ताण पसरून जातो. या वेळी बार आत ओढू नका. थोडा बाहेर असला तर काइट मोकळी उडते.

घ) थांबा. सगळं शिक्षण याच अर्ध्या-एक सेकंदात आहे. ओढ वर वळलेली असते, शरीर उडायला अधीर असतं, आणि नेमकं तेव्हाच कड अधिक दाबून ठेवायची असते. ९ मीटरची काइट लवकर वर पोचते, १२ किंवा १४ मीटरची सावकाश, म्हणून काइट बदलली की थांबण्याचा अवधीही बदलतो. मनात ‘एक, दोन’ मोजा आणि आपल्या काइटला किती मोजावं लागतं ते ठरवून टाका.

ङ) काइट बाराला येताच वाकवलेला मागचा पाय जोरात सरळ करा, जशी पाण्यावर लाथ मारता तशी, आणि त्याच क्षणी बार पूर्ण आत ओढा. दोन्ही एकत्र. आधी बार आणि मग पाय असं झालं की काइट तुम्हाला कडेवरून उचकटून घेते आणि उंचीऐवजी लांबी मिळते.

डाव्या बाजूला जाताना सगळं उलट: काइट अकराला, उजव्या हाताने साडेबाराच्या रोखाने.

८. हवेत

गुडघे छातीकडे घ्या. लांब पसरलेलं शरीर झुलतं, गोळा केलेलं शरीर स्थिर राहतं. बार आतच ठेवा. घाबरून बार बाहेर सोडणं ही सर्वांत महाग चूक आहे, कारण बार सोडला की काइटची उचल जाते आणि तुम्ही दगडासारखे खाली येता. चार मीटरवरून मोकळं पडलात तर पाण्याला लागताना वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो. बार आत धरला तर तीच उंची पायऱ्या उतरल्यासारखी उतरता येते.

बार धरायचा म्हणजे त्याला लोंबकळायचं असं नाही. वजन हार्नेसवर, हात फक्त सुकाणूला. एका हातावर जास्त भार आला की काइट नकळत त्या बाजूला वळते.

वर जाण्याचा वेग संपतोय असं वाटलं की उजव्या हाताने काइट हलकेच बाराला, डोक्यावर आणा. नजर उतरायच्या जागेवर, पायांखाली नाही आणि काइटवरही नाही.

९. उतरणं

पाणी तीन-चार हातांवर आलं की उजव्या हाताने काइट पुढे, एक-दीडच्या दिशेने झुकवा. ती पुढे खेचते, आणि खाली पडण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगात बदलतो. त्याच वेळी बोर्डचं टोक वाऱ्याखाली, म्हणजे तुम्ही सरकताय त्या दिशेला वळवा, आणि पाय खाली सोडा, गुडघे वाकलेलेच. मागचं टोक आधी टेकलं पाहिजे. बोर्ड आडवा टेकला तर कड पाण्यात अडकते आणि तुम्ही तोंडावर जाता. टेकल्यावर लगेच कड धरू नका, एक क्षण सपाट घसरू द्या.

काइट झुकवायला उशीर झाला तर आदळता, फार लवकर झुकवली तर उंचीवरूनच ओढले जाता. यात काइटच्या आकाराचा फरक असतो, मोठीला आधी सांगावं लागतं.

१०. काय चुकलं ते ओळखा

वर न जाता नुसते ओढले गेलात: कड आधी सुटली. सहावी पायरी पुन्हा करा.

चांगले वर गेलात, पण मग पाठीमागे ओढले जाऊन लोलकासारखे झुललात: काइट अकराच्याही मागे गेली. पाठवताना जोर कमी करू नका, पण पाय सुटताच हात सरळ करा.

हवेत आपोआप गिरकी बसली: उडताना बोर्ड वाऱ्याकडे वळतच राहिला होता, किंवा मान मागे वळली. शेवटच्या क्षणी वळणं थांबवून फक्त दाबा, आणि पुढचा खांदा जाण्याच्या दिशेलाच ठेवा.

काइट मागे बसली, लाइन्स सैल: बार आधी ओढला किंवा लाइन्सचं माप चुकलं. पाचवी पायरी.

उंची ठीक, पण उतरताना दर वेळी पाठीवर: नजर काइटवर आहे. मान वर असली की छाती मागे जाते.

सैल झालेल्या लाइन्स किंवा पाण्यात पडलेल्या काइटबरोबर ओढले जात असाल तर विचार करत बसू नका, क्विक रिलीज दाबा. प्रत्येक वेळी पाण्यात शिरण्याआधी किनाऱ्यावर ते एकदा उघडून-बंद करून बघा. आपल्याकडच्या बारीक वाळूने ते अडकतं, आणि अडकलंय हे कळायची जागा पाण्यात असू नये.

११. उंची वाढवताना

सर्वांत मोठा वाटा वाऱ्याचा. जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १६ नॉटचा वारा २० झाला की त्याच काइटमध्ये सुमारे ५६ टक्के जास्त जोर येतो. दुपारच्या १५-१६ नॉटच्या खाऱ्या वाऱ्यात तीन-चार मीटर ही चांगली उडी आहे. समाजमाध्यमांवर दिसणाऱ्या दहा-पंधरा मीटरच्या उड्या याहून फार जोरदार वाऱ्यातल्या असतात. त्यांच्याशी तुलना करून मोठी काइट लावणं हा सापळा आहे. झेपत नसलेल्या काइटवर कड धरता येत नाही, आणि कड नाही तर उंची नाही. झेपणाऱ्या काइटवर वेग आणि कड वाढवा.

वाढवण्याचा क्रमही ठरवून घ्या: आधी थांबण्याचा अवधी, मग कडेवरचा दाब, मग काइट पाठवण्याचा जोर, सर्वांत शेवटी वेग. उंची वाढली की उतरण्याचं गणित बदलतं, म्हणून नव्या उंचीवर सलग पाच उड्या नीट उतरता आल्या, की मगच पुढचं पाऊल. हवेत काइट पूर्ण फिरवण्याचा प्रकार या टप्प्यावर करूच नका.

१२. सातत्य

दहा-दहा उड्यांचे संच करा. एका संचात एकच गोष्ट बदला. पहिल्या संचात फक्त थांबणं लांबवलं असेल तर काइट पाठवण्याचा जोर तोच ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. दोन्ही बाजूंना सराव ठेवा. आवडती बाजू धावत सुटते आणि दुसरी वर्षभर तिथेच राहते.

किनाऱ्यावरून कुणाला तरी चित्रण करायला सांगा, शक्यतो तुमच्या मार्गाच्या आडव्या बाजूने आणि दर वेळी एकाच जागेवरून. बघताना हवेतला भाग आधी सोडून द्या. पाय सुटला त्या चित्रावर थांबा आणि तीन गोष्टी बघा: काइट कितीवर होती, बोर्ड कडेवर होता की सपाट, बार कुठे होता. बोर्डला लावायचा वू सेन्सर किंवा घड्याळातलं उंची मोजणारं ॲप असेल तर त्याचे आकडे फक्त स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी ताडा, आणि शेजारी वारा, काइट आणि तिथी लिहा. दोन महिन्यांनी ही वही बघितली की कोणत्या दिवशी घरी बसायचं हेही कळायला लागतं.

दीड तासानंतर पाय थकतात, आणि थकलेले पाय सर्वांत आधी कड सोडतात. शेवटच्या तीन उड्या आधीच्यांपेक्षा बुटक्या झाल्या की त्या दिवशी बाहेर या.

बाहेर आल्यावर बार, क्विक रिलीज आणि पुली गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, म्हणून मुक्कामावरून पाच लिटरचा कॅन भरून आणलेला बरा. काइट सावलीत वाळवा, भर उन्हात हवा भरलेली सोडून जेवायला जाऊ नका. आणि लाइन्स गुंडाळताना बोटांतून सरकवत न्या. एखादा धागा उसवलेला हाताला लागला तर ती लाइन बदलल्याशिवाय दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरू नका.